कोकणात छोटा गेमिंग पीसी: मिनी आयटीएक्स की मायक्रो एटीएक्स?

मिनी आयटीएक्स आणि मायक्रो एटीएक्स हे मदरबोर्डचे, म्हणजे सगळे भाग जोडायच्या मुख्य बोर्डाचे, दोन आकार. गेम दोन्हींवर सारखेच चालतात, हे आधीच सांगून टाकतो. रायझन 5 7600 हा प्रोसेसर आणि आरटीएक्स 4060 हे ग्राफिक्स कार्ड ही जोडी छोट्या मदरबोर्डवर लावा नाहीतर मोठ्या, फ्रेम्स तेवढ्याच येणार. तेव्हा प्रश्न वेगाचा नाहीच. पैसा, दुरुस्ती आणि आपल्याकडची हवा यांवर हिशोब ठरतो. त्यातही हवेवर जास्त, आणि एसीत बसून व्हिडिओ करणाऱ्यांना तिची कल्पना नसते.

मिनी आयटीएक्स बोर्ड 17 बाय 17 सेंटिमीटरचा, मायक्रो एटीएक्स 24.4 बाय 24.4 चा. आयटीएक्सवर सहसा रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि ग्राफिक्स कार्डासाठी एकच. मायक्रो एटीएक्सवर बऱ्याचदा रॅमचे चार स्लॉट मिळतात, वर एखादं जादा कार्डही बसतं. तरीही त्याच चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य चिपचा) आयटीएक्स बोर्ड महाग पडतो. छोट्या कॅबिनेटला लागणारा एसएफएक्स नावाचा छोटा एसएमपीएसही (मशीनला वीज पुरवणारा डबा) तेवढ्याच वॅटच्या साध्या एसएमपीएसपेक्षा महाग.

महाग एक वेळ चालेल, पण तो बिघडला तर? साधा एटीएक्स एसएमपीएस चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतो, तासाभरात मशीन चालू. एसएफएक्स बहुधा मागवावाच लागतो, आणि पावसात घाट बंद असला की कुरियरवाल्याच्या फोनची वाट बघत बसायचं. घरात एकच कॉम्प्युटर असेल आणि त्यावरच पोरांचा अभ्यासही चालत असेल, तर माझ्या मते निर्णय इथेच झाला: मायक्रो एटीएक्स घ्या.

आता हवा. मीठ साधारण 75 टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. समुद्राजवळच्या घरात खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ पंख्यातून आत जातं आणि बोर्डावर बसतं. धूळ अडवणारी जाळी त्याला अडवत नाही. मग ते सादळतं आणि धातू खायला लागतं. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या जुन्या कॅबिनेटची मागची बाजू बघा: स्क्रूंची डोकी तांबूस, ग्राफिक्स कार्डाच्या पट्टीवर ठिपके, यूएसबीच्या तोंडाशी गंजाची कड.

दाटीवाटीच्या कॅबिनेटमध्ये हे जरा लवकर होतं. जागा कमी म्हणून प्रोसेसर गार ठेवणारा कूलर बुटका, कूलर बुटका म्हणून पंखा जोरात, आणि पंखा जोरात म्हणजे खारी हवा जास्त. फ्रॅक्टल कंपनीचं टेरा हे कॅबिनेट 10.4 लिटरचं, दिसायला देखणं, पण त्यात 77 मिलिमीटरपेक्षा उंच कूलर जात नाही. मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत पारा 34 वर गेला की त्याचा आवाज ओटीवर ऐकू येईल. आयटीएक्सच घ्यायचा असेल तर कूलर मास्टरच्या एनआर200 सारखं 18.25 लिटरचं बघा. त्यात जाळीचं झाकण लावलं की 155 मिलिमीटरचा कूलर मावतो आणि 330 मिलिमीटरपर्यंतचं कार्डही. काचेचं झाकण लावू नका, उंच कूलर मग बसत नाही.

दोन्हींत एक गोष्ट सारखीच: पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा. आतली ऊब दमटपणा हटवते. बंद घरात चार महिने पडून राहिलेल्या पीसीची अवस्था सगळ्यात वाईट होते.

म्हणूनच आयटीएक्स कुणाला शोभतो, तर चाकरमान्याला. मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत राहायचं आणि गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात गावी यायचं, त्याने गावच्या घरात दुसरं मशीन गंजत ठेवण्यापेक्षा एकच छोटं सोबत आणावं. मॉनिटर गावी ठेवला तरी चालतो. जड ग्राफिक्स कार्ड मात्र प्रवासाआधी काढून वेगळ्या डब्यात घ्या, हायवेच्या खड्ड्यांत स्लॉटवर ताण येतो. आणि एसी डब्यातून उतरून घरी आलात की लगेच बटण दाबू नका. गार धातूवर दमट हवेचं पाणी धरतं. दोन-तीन तास बॅगेतच राहू द्या, तोवर आंघोळ-जेवण उरकून घ्या.

गेमिंग लॅपटॉपचा विचारही मनात येईल. फिरतीच्या माणसाला सोय आहे, पण ग्राफिक्स चिप बोर्डालाच जोडलेली असते. ती गेली तर खर्च मोठा, आणि ते काम गावात होणं अवघड.

लाईटचं दोन्हीकडे सारखंच. वर सांगितलेल्या जोडीत प्रोसेसर 65 वॅटचा आणि कार्ड 115 वॅटचं आहे, त्यामुळे 1000 व्हीएचा (व्हीए म्हणजे यूपीएसच्या ताकदीचं माप) यूपीएस मॉनिटरसकट सेव्ह करून बंद करण्यापुरता पुरतो. 600 व्हीएचा गेम चालू असताना काठावर येईल. वीज कडाडायला लागली की यूपीएसच्या भरवशावर राहू नका, प्लग काढा. राउटरकडून आलेली लॅनची केबलही काढा, ती बहुतेक जण विसरतात.