एक ठिपका म्हणजे एक आर: निवृत्त तलाठ्याने वापरून पाहिलेले उपग्रहाचे नकाशे

चौतीस वर्षं तलाठी होतो. पीक पाहणी डोंगर चढून केली, आणि आता निवृत्त झालोय म्हणून सांगतो, कधी कधी चावडीत बसूनही केली. त्यामुळे भाच्याने दोन वर्षांपूर्वी लॅपटॉपवर कोपर्निकस ब्राउझर उघडून दिला आणि "मामा, आता घरबसल्या अख्खा दोडामार्ग तालुका बघा" म्हणाला, तेव्हा मला हसू आलं. घरबसल्या बघायची सवय आम्हाला जुनीच.

ही युरोपची साइट आहे. खातं उघडायचं, पैसे एक रुपया नाही. सेंटिनेल-२ नावाच्या उपग्रहांची २०१५ पासूनची चित्रं त्यात आहेत. जोडीतला एक ना एक दर पाच दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातो, तोही ठरलेल्या वेळी, सकाळी अकराच्या सुमारास. आमची एसटी एवढी वेळेवर आलेली मी पाहिलेली नाही.

मला खरी गोडी लागली ती ठिपक्याची. ह्या चित्रातला सगळ्यात बारीक ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असतो. म्हणजे शंभर चौरस मीटर. म्हणजे एक आर! सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिण्यात माझा जन्म गेला आणि वरून जाणारा उपग्रहही आरातच मोजतो, हे कळल्यावर मी भाच्याला चहा दोनदा पाजला. मग बाकीच्यांचं माप काढलं. अमेरिकेच्या लँडसॅटचा ठिपका तीस मीटरचा, म्हणजे नऊ आर. आगी दाखवणाऱ्या नासाच्या फर्म्स साइटवर व्हीआयआयआरएस नावाच्या उपकरणाचा ठिपका ३७५ मीटरचा, म्हणजे चौदा हेक्टर. त्यामुळे फर्म्सवर लाल टिंब दिसलं म्हणून कोणाच्या बागेवर बोट ठेवू नये. आग त्या चौदा हेक्टरांत कुठेतरी आहे, एवढंच ते सांगतं. मात्र तीन तासांच्या आत सांगतं. सड्यावरचं, म्हणजे कातळपठारावरचं, गवत कोणी पेटवलं तर गावात बातमी पोचायला कधी कधी त्याहून जास्त वेळ लागतो.

रंगांचं थोडं शिकावं लागतं. साध्या चित्रात सगळं हिरवं, त्यातून काही कळत नाही. "फॉल्स कलर" निवडलं की जिवंत पान भडक लाल दिसतं, कारण आपल्या डोळ्याला न दिसणारा एक प्रकाश पान भरपूर परत फेकतं आणि उपग्रह तो टिपतो. दाट रान गडद लाल, कातळ निळसर-राखाडी, तोडलेली जागा फिकट. आठवडाभर रोज तासभर बसलो तेव्हा नजर बसली.

आता माझी फजिती. पहिल्याच हिवाळ्यात शेजाऱ्याच्या हिश्शात मोठा काळा डाग दिसला. मागच्या फेरीपर्यंत लाल, आज काळा. मी ग्रामसभेत उभा राहून सांगून टाकलं की वरच्या अंगाला तोड झाली. दुसऱ्या दिवशी दहा जण चढून गेले तर ऐन, किंजळ, सगळी झाडं जागच्या जागी. ती ढगाची सावली होती. ढग स्वतः शेजारच्या सर्व्हे नंबरात पांढरा दिसत होता, मी तिकडे पाहिलंच नव्हतं. "भाऊनू, उद्या रात झाली तरी म्हणशात रान तोडला," असं शेजारी अजून म्हणतो. त्यात उपग्रहाची काही चूक नाही. तेव्हापासून दोन वेगवेगळ्या तारखांना तीच खूण दिसल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

ज्यासाठी हे लिहितोय ती गोष्ट गेल्या एप्रिलची. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, जिथे पायवाट नाही, तिथे एक लाल चौकट फिकट झाली. पाच दिवसांनी पुन्हा पाहिली, तशीच. मोजणीचं साधन साइटवरच आहे, त्याने मोजली: २ हेक्टर ८० आर. गावनकाशा तिच्यावर बसवणं मी ओढ्याची वळणं जुळवून करतो, त्यामुळे सर्व्हे नंबर लगेच कळला. दोन पोरांना घेऊन गेलो. बुंधे, राख, आणि रबराच्या रोपांसाठी ओळीने घेतलेले खड्डे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली मनाई केली आहे. मार्च २०२४ मध्ये इथली पंचवीस गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करा असाही आदेश दिला. तरी कुऱ्हाड पलीकडच्या उतारावर चालतेच, कारण अलीकडून कोणाला दिसत नाही. वरून मात्र दिसली.

चित्रांची प्रिंट जोडून एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला. तिथल्या कारकुनाने विचारलं, "हा फोटो काढला कोणी? त्याची सही कुठाय?" मला राग यायला हवा होता. पण त्याच्या खुर्चीत मी असतो तर हेच विचारलं असतं. पंचनामा झाला, सात आठवड्यांनी, पाऊस सुरू झाल्यावर.

ब्राझीलमध्ये हे काम सरकारच करतं. त्यांची इनपे ही संस्था १९८८ पासून दरवर्षी ॲमेझॉनची तोड उपग्रहावरून मोजते आणि २००४ पासून चालू तोडीचे इशारे तपास यंत्रणेला देते. २००४ साली २७,७७२ चौरस किलोमीटर असलेली तोड २०१२ साली ४,५७१ वर आली होती. एकट्या उपग्रहाने ती आणली नाही. इशाऱ्यामागून दंड गेला, जप्ती गेली, कर्ज अडवलं गेलं. पेरूच्या लोरेतो भागातली तऱ्हा मला जास्त आवडली. तिथे आदिवासी वस्त्यांत इंटरनेट नाही, तर इशारे पेन ड्राइव्हमध्ये भरून होडीने पोचवले. गावातली नेमलेली माणसं फोनवर नकाशा बघत जागेवर जाऊन खात्री करायची, मग गाव बसून काय करायचं ते ठरवायचं. पहिल्या वर्षात त्या वस्त्यांतली तोड निम्म्याने घटल्याचा अभ्यास २०२१ साली छापून आला. म्हणजे कोतवाल तोच, फक्त हातात काठीऐवजी फोन.

पेरूतले इशारे लँडसॅटच्या चित्रांवरून निघालेले. तसलीच माहिती ग्लोबल फॉरेस्ट वॉच ह्या साइटवर जगभरासाठी फुकट आहे, २००१ पासूनची. मी ती वापरतो, पण आमच्याकडे डोळे उघडे ठेवून वापरावी लागते. तिथे पाच मीटरच्या वरचं झाड म्हणजे झाड. रान तोडून रबर लावलं की तोडीच्या वर्षी ते "गेलं" म्हणून दिसतं, आणि रबर वाढल्यावर ती जागा पुन्हा झाडांखाली. आपलं देहरादूनचं वन सर्वेक्षणही एक हेक्टरवरचं, निदान दहा टक्के जमीन झाडांच्या छत्राखाली असलेलं काहीही वनाच्छादनात धरतं, मालकी आणि झाडाची जात न बघता. काजूची बागही त्यात, देवराईही त्यात. सातबाऱ्याच्या पीक रकान्यात मी असं "झाडं" एवढंच लिहिलं असतं तर सर्कल साहेबाने, म्हणजे आमच्या वरच्या मंडळ अधिकाऱ्याने, माझी वेतनवाढ रोखली असती. रबर ओळखायचं तर थंडीतली चित्रं बघावीत, त्याची पानं तेव्हा एकदम झडतात आणि शेजारचं सदाहरित रान लालच राहतं.

पावसाळ्यात सगळा कारभार बंद. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नुसता ढगांचा कापूस. पावसात ट्रक डोंगर चढत नाही, एवढा दिलासा. पण मे अखेरीस तोडलेली जागा ऑक्टोबरात रानमोडी नावाच्या तणाने गच्च हिरवी झालेली असते, आणि चित्रात रानासारखीच लाल. ढगापलीकडचं बघणारी रडारची चित्रं सेंटिनेल-१ देतो, तीही त्याच साइटवर. ती काळीपांढरी, दाणेदार, मला अजून नीट वाचता येत नाहीत.

पैसे देऊन घेतलेली सेवाही सांगतो, नाव सांगत नाही. एका एजंटने बागेसाठी "उपग्रह सल्ला" वर्षाच्या वर्गणीवर विकला. फेब्रुवारीत मेसेज आला: पिकावर ताण, नत्र द्या. तो तुकडा सागाचा आहे. साग फेब्रुवारीत पानं टाकणार नाही तर काय करणार? वर्गणी परत भरली नाही.

पिकाची काढतात तशी रुपयात किती पैसे ही माझी पैसेवारी अशी. कोपर्निकस ब्राउझर ८० पैसे. मराठी असतं तर आणखी पाच दिले असते. फर्म्स ६५. ग्लोबल फॉरेस्ट वॉच ६०. विकतचा सल्ला ५० च्या खाली, म्हणजे आमच्या वेळच्या हिशेबाने दुष्काळच जाहीर.

आज दसरा होऊन चार दिवस झाले. अकराला उपग्रह जाऊन गेला असेल. पलीकडच्या उतारावर अजून ढग आहेत.