खुराड्यासाठी डायटम माती की चुलीची राख?

कोंबडी उलटी धरून शेपटीखालची पिसं बाजूला करा. मुळाशी लिखांचे पांढरट पुंजके दिसले, तर धूळस्नानाचं घमेलं, म्हणजे कोंबडी ज्यात लोळून अंगावरचे किडे झाडते ते, आजच भरायला हवं. त्यात काय घालायचं?

डायटम माती म्हणजे सूक्ष्म शेवाळांच्या सांगाड्यांची पूड. ती किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते, शोषून घेते आणि किडा सुकून मरतो. खाद्यदर्जाचीच घ्या. जलतरण तलावाच्या गाळणीसाठी भाजलेली मुळीच नको. तिच्यातली स्फटिकी सिलिका फुफ्फुसं खराब करते. पण चांगलीही रोजच्या घमेल्यात घालू नये. कोंबडी पंख झाडते, पूड उडते आणि थेट श्वासात जाते. तिची खरी जागा खुराड्याच्या फटी आणि बसायच्या दांडीचे सांधे, कारण लाल माइट (रात्री कोंबडीचं रक्त शोषणारे बारीक किडे) दिवसा तिथेच दडतात. तोंडाला मास्क बांधून पातळ थर द्या. ओल लागली की ती निकामी. तिने माइटची अंडी मरत नाहीत, म्हणून आठवड्याने पुन्हा.

घमेल्यात राखच बरी: तीन भाग कोरडी माती-वाळू, एक भाग चाळलेली, पूर्ण थंड झालेली राख. निव्वळ लाकडाची; प्लास्टिक जाळलेली नको. भिजली की तिच्यातला क्षार पाय पोळतो, त्यामुळे पावसाळ्यात घमेलं छपराखालीच.

बागेत कोकणच्या आम्लधर्मी जांभ्या मातीला थोडी राख मानवते, देशावरच्या चुनखडीच्या काळ्या रानात टाळा. डायटम माती फुलांवर कधीच नको, मधमाश्याही मरतात. कुत्र्या-मांजरांच्या अंगाला दोन्ही लावू नका, ती चाटतात.