फाईट आवडत नाहीत तरी प्लेनस्केप टॉर्मेंट संपवावा का? माझं उत्तर हो

दोनदा अर्धवट सोडलेला हा गेम मी शेवटी तिसऱ्या वेळी संपवला आणि तेव्हापासून ओळखीतल्या प्रत्येकाला सांगत सुटलोय, म्हटलं आता एकदा नीट लिहूनच काढू. प्लेनस्केप टॉर्मेंट मूळ 1999 चा, ब्लॅक आयल स्टुडिओजने बनवलेला, मी खेळलो ती 2017 ला आलेली एन्हान्स्ड एडिशन. मला अशा गेममधल्या फाईट मनापासून आवडत नाहीत, म्हणजे जमत नाहीत असं नाही, पण गोष्ट रंगात आलेली असताना मध्येच दहा उंदीर अंगावर येतात आणि पुढचं वाचायची घाई असलेल्या माणसाला ते मारत बसावं लागतं, हे मला कीर्तनात मध्येच माईक बंद पडल्यासारखं वाटतं.

तर गोष्ट अशी. एक माणूस शवागारात दगडी ओट्यावर जागा होतो, अंगभर जखमांचे व्रण, नाव आठवत नाही, पाठीवर गोंदवून ठेवलेल्या सूचना, आणि त्या वाचून दाखवायला मॉर्ट नावाची हवेत तरंगणारी बोलकी कवटी. हा माणूस मरत नाही, मेला तर पुन्हा उठतो आणि बऱ्याचदा मागचं सगळं विसरून उठतो, असं किती वेळा झालंय ते त्यालाही माहीत नाही. मागच्या खेपांमध्ये तो कधी क्रूर होता, कधी वेडा, कधी चांगला, आणि त्या सगळ्यांनी करून ठेवलेलं आता याला फेडायचंय. संचित, मागच्या जन्मीचं देणं हे शब्द आपण लहानपणापासून ऐकतो, म्हणून असेल पण मला हा धागा समजवून सांगावा लागला नाही, तो थेट आत गेला. फरक एवढाच की इथे जन्म बदलत नाही, देह तोच आणि घेणेकरी समोर उभे.

शहर आहे सिजिल, आकाशात वर्तुळासारखं वळलेलं, कुठलीही कमान किंवा दार दुसऱ्या जगात उघडू शकतं फक्त त्याची किल्ली तुमच्याजवळ हवी, आणि ती किल्ली म्हणजे एखादी वस्तूच काय, मनातला एखादा विचारही असू शकतो. तिथे फेल नावाचा गोंदणकार आहे जो तोंडाने बोलत नाही, डोक्यावर उमटणाऱ्या चित्रांनी बोलतो. एक दारूचा गुत्ता आहे जिथे एक माणूस कायम जळत लटकलेला असतो. फॉल फ्रॉम ग्रेस नावाची एक बाई एक कोठा चालवते जिथे लोक फक्त संभाषणासाठी येतात, आणि तिथली प्रत्येक मुलगी स्वतःची एक वेगळी गुंतागुंत घेऊन बसलेली आहे, मी त्या एका इमारतीत दोन अख्ख्या संध्याकाळी घालवल्या आणि एकदाही हत्यार काढावं लागलं नाही.

आता फाईटचं बोलू, कारण प्रश्न तोच आहे. खरं सांगायचं तर वाईट आहेत. इंजिन बाल्डर्स गेट या गेमचंच, पण तिथे डावपेचात जी मजा आहे ती इथे नाही, अरुंद बोळात आपलीच माणसं एकमेकांना अडून उभी राहतात, मोठ्या मंत्रांचे लांबलचक अ‍ॅनिमेशन पहिल्यांदा भारी वाटतात आणि नंतर नको होतात, नियम डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फाशांनी खेळायच्या खेळाच्या जुन्या आवृत्तीचे म्हणून चिलखताचा आकडा जितका कमी तितकं संरक्षण जास्त, हे कुणी सांगितल्याशिवाय कळणं कठीण. मी पहिल्यांदा सोडला तो रॅगपिकर्स स्क्वेअरच्या खालच्या भुयारांमध्ये, वीपिंग स्टोन कॅटाकोम्ब्समध्ये, तिथे उडणारी मुंडकी आणि प्रेतं खाणारी भुतं, आणि मी गेमच्या सुरुवातीला ताकद वाढवून ठेवलेली कारण सगळ्या गेममध्ये तसंच करायची सवय.

तीच माझी चूक होती आणि नवीन माणसाने करू नये म्हणून जरा सविस्तर सांगतो. सुरुवातीला नायकाच्या गुणांमध्ये 21 पॉइंट वाटायला मिळतात. ते विस्डम (शहाणपण), इंटेलिजन्स (बुद्धी) आणि करिष्मा (छाप पाडण्याची ताकद) यांत टाका, विस्डममध्ये सगळ्यात जास्त. या गेममध्ये अनुभवाचे पॉइंट बोलण्यातून, आठवणी परत येण्यातून ढिगाने मिळतात, आणि विस्डम कमी असेल तर त्या आठवणी येतच नाहीत, संवादाच्या ओळी दिसतच नाहीत. म्हणजे ताकद वाढवून खेळणाऱ्याला गेमचा कंटाळवाणा भाग जास्त आणि चांगला भाग कमी मिळतो. मी दोन्ही वेळा तेच केलं होतं, सोडला यात नवल नाही.

तिसऱ्यांदा बरोबर मांडणी केली, डिफिकल्टी खाली ओढली, आणि जिथे पळून जाता येतं तिथे सरळ पळालो. नायक मेला तरी उठतोच, सोबत्यांना उठवायची विद्याही त्याला सुरुवातीलाच शवागारातल्या डियोनाराच्या भुताशी नीट बोललात तर मिळते, तर भीती कसली. त्याच भुयारांच्या पोटात डेड नेशन्स नावाचं मेलेल्यांचं राज्य आहे आणि हजारो उंदरांनी मिळून बनलेलं एक मन आहे, दोन्हींशी बोलून वाट काढता येते. खरोखर टाळता न येणाऱ्या फाईट अगदी मोजक्या, रॅव्हेल नावाच्या डाकिणीशी एक आणि ट्रायस नावाच्या देवदूताशी एक या मला आठवतात. मॉड्रॉन नावाच्या यंत्रासारख्या प्राण्यांचं ते भूलभुलैया प्रकरण ऐच्छिक आहे, एकसारख्या खोल्याच खोल्या, नॉर्डम हा सोबती हवा असेल तरच जा (हवा असायला हरकत नाही, गोड आहे).

डॅकॉन या सोबत्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. म्हातारा लढवय्या, त्याची तलवार त्याच्या मनाच्या अवस्थेप्रमाणे रूप बदलते, जवळ एक दगडी वर्तुळ आहे, उलगडत जाईल तशी त्यातली एकेक कथा तो वाचायला देतो आणि विचारतो, काय समजलं? तुम्ही उत्तर द्यायचं. हळूहळू लक्षात येतं की शिकवणाराच डळमळलेला आहे, आणि तो तुमच्यासोबत का फिरतोय हे कळतं तेव्हा मी गेम पॉज करून उठलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. यूट्यूबवर बघितलं तर चालेल ना असं मला दोघातिघांनी विचारलंय, या प्रसंगामुळेच मी नको म्हणतो. तिथे कोणीतरी दुसरं उत्तर देत असतं.

दोष लपवत नाही. सिजिल सोडून कर्स्ट नावाचं गाव आणि त्याच्या पुढच्या जगांमध्ये गेलात की लिखाण विरळ होतं आणि शत्रू दाट होतात, बाटोर या नरकात तर पिलर ऑफ स्कल्स या कवट्यांच्या खांबापर्यंत आणि तिथून परत नुसतं धावायचं. बरेच लोक इथेच सोडतात असा माझा अंदाज आहे, आणि हा सोडायचा सगळ्यात वाईट टप्पा, कारण पुढे शेवट आहे आणि तो शेवट फाईट न करता, निव्वळ बोलून पार पाडता येतो. आख्ख्या गेमभर जे बोलणं-ऐकणं केलंत, ज्या आठवणी गोळा केल्यात, त्याच तिथे कामाला येतात. मला असा शेवट देणारा त्या काळचा दुसरा गेम माहीत नाही.

भाषेचं एक, इंग्रजी भरपूर आहे, पुस्तकासारखं, आणि सिजिलच्या गल्लीतली बोली सुरुवातीला डोक्यावरून जाते. पहिले दोन तास धीर धरा, मग कान सरावतो. टॅबलेटवरही मिळतो पण मी कॉम्प्युटरवरच खेळा म्हणेन, वाचायला मोठी स्क्रीन हवी.

आणि हा सल्ला सगळ्याच गेमला लागू नाही. विचर 3 मध्ये मी सरळ जस्ट द स्टोरी ही डिफिकल्टी लावून ब्लडी बॅरनची गोष्ट पूर्ण केली, मस्त वाटलं, पण तिथे राक्षस मारणं हाच नायकाचा पोटापाण्याचा धंदा आहे, ते आवडत नसेल तर गोष्टीचाही एक तुकडा हातातून जातो. फाईट अजिबातच नको असतील तर डिस्को एलिसियम आहे, 2019 चा, तो प्लेनस्केपच्याच वाटेवरचा, त्यात सगळं फासे आणि संवादावर. तरी मी आधी हा खेळा म्हणेन.

कारण रॅव्हेलचा प्रश्न. मधोमध कुठेतरी ही म्हातारी डाकीण भेटते आणि विचारते, माणसाचा स्वभाव कशाने बदलतो? आमच्या घरात आजी कुणाचंही काही ऐकलं की म्हणायची, स्वभावाला औषध नाही, आणि मी ते खरं मानूनच मोठा झालो. समोर पर्यायांची यादी होती आणि मी बराच वेळ माऊस हलवला नाही. मग पश्चात्ताप निवडलं. तिला बरोबर उत्तर नकोच असतं, तुमचं हवं असतं. आजीला फोन लावून विचारावंसं वाटलं, पण ती जाऊन सहा वर्षं झाली.