कोबोकलेक्ट : कातळसड्यांवर अधिवासांच्या नोंदी करायला कसं आहे?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, मी जैवविविधता सर्वेक्षणाची कामं करते. बेडूक, पाली, सड्यावरची फुलं, खालच्या देवराईतली धनेशाची घरटी, ज्या वेळी जो प्रकल्प असेल ते. नोंदींसाठी आता कोबोकलेक्ट हे फोनवर फॉर्म भरायचं अ‍ॅप वापरते आणि नवीन मुलं हमखास विचारतात की हे घ्यावं का. घ्यावं. फुकट आहे, फॉर्म मराठीत करता येतो, रेंज लागत नाही. पण जीपीएसचा बिंदू टिपायला म्हणून घेणार असाल तर उगाच खटपट करू नका, त्याला कुठलंही अ‍ॅप चालतं.

मध्यंतरी एका प्रस्तावित कामासाठी जुना अहवाल चाळायला मिळाला. अधिवासांच्या तक्त्यात अक्षांश-रेखांश, पुढे ‘खडकाळ, विरळ गवत’, संपलं. आकडेही दोनच दशांश स्थळांपर्यंत, म्हणजे साधारण एक किलोमीटरचा घोळ. एक किलोमीटरमध्ये आमच्या सड्यावर एक चिरेखाण, दोन आंब्याच्या बागा आणि पाण्याची चाळीस डबकी मावतात. त्यातलं नेमकं कुठलं ठिकाण त्यांनी पाहिलं, हे आता कोणी सांगू शकणार नाही. सातबाऱ्यावर असाही सडा बहुतेक पोटखराबाच, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, असतो. त्यात नोंद अशी झाली की मग तिथे काही नव्हतंच, असं म्हणायला सगळे मोकळे.

कोबोकलेक्टची खरी ताकद इथे आहे. ते बिंदूच्या आधी आणि नंतर प्रश्न विचारतं, आणि सक्तीचा प्रश्न रिकामा ठेवून पुढे जाऊ देत नाही. प्रश्न आपणच ठरवायचे. ते कोबोच्या संकेतस्थळावर माऊसने ओढून रचता येतात किंवा एक्सेलच्या तक्त्यात लिहून चढवता येतात. मी एक्सेलवाली. एकदा सवय झाली की पुढच्या प्रकल्पाला जुना तक्ता कॉपी करून दोन ओळी बदलल्या की काम भागतं. पर्यायांत ‘सैल दगडाखाली’, ‘माती साचलेला खड्डा’, ‘कातळातली भेग’, ‘कड्याची धार’, ‘पाण्याचा पातळ थर’ असं लिहून ठेवते. गावातला बारावी झालेला मुलगाही ते न अडखळता भरतो, आणि एकाच जागेला दोघांनी दोन नावं देण्याची भानगड उरत नाही.

हा तपशील हौसेचा नाही. हेमिडॅक्टायलस अल्बोफॅसिएटस ही छोटी पाल घ्या. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवरच राहते आणि दिवसा सैल दगडांखाली सापडते. सडा आहे पण सैल दगड उचलून नेलेत, तर तिच्या दृष्टीने तिथे काही नाही. म्हणून माझ्या फॉर्ममध्ये दगडाची लांबी-रुंदी, खाली माती की नुसता कातळ, ओल आहे का, हे प्रश्न आहेत. शेवटी एक सक्तीची खूण आहे : ‘दगड होता तसा परत ठेवला’. ती टिचकी मारल्याशिवाय फॉर्म पुरा होत नाही. कोण खोटी टिचकी मारेल ते अ‍ॅपला कळणार नाही हे मान्य, पण आठवण तरी होते.

फॉर्म बनवताना बऱ्याच जणांचा घात होतो तो उत्तरानुसार प्रश्न गाळण्याच्या सोयीमुळे. ‘पाणी आहे का?’ याला ‘नाही’ आलं की डबक्याचे सगळे प्रश्न गायब, अशी रचना फार सुटसुटीत दिसते. आणि मार्चमध्ये सर्वेक्षण केलं की सडाभर एकही डबकं नोंदलं जात नाही. वास्तविक त्या कोरड्या खळग्याच्या तळाशी जी चिमूटभर धूळ असते, तिच्यात फेअरी श्रिंपसारख्या कवचधारी जिवांची अंडी पुढच्या पावसाची वाट बघत पडलेली असू शकतात. तेव्हा खळग्याची लांबी, रुंदी, सर्वांत खोल जागा हे प्रश्न पाण्याच्या अटीबाहेर ठेवा. पाण्याची खोली तेवढी अटीत.

आता बिंदूबद्दल. अ‍ॅप अक्षांश, रेखांश, उंची आणि अचूकता असे चार आकडे जपतं. उपग्रह शोधत असताना अचूकतेचा आकडा समोर दिसत राहतो आणि तो ५ मीटरच्या आत आला की बिंदू आपोआप पकडला जातो. ही मर्यादा फॉर्ममध्ये बदलता येते. उघड्या सड्यावर आभाळ सगळीकडून मोकळं, त्यामुळे काम लवकर होतं. तिथून खाली देवराईत उतरलं की तोच फोन पंधरा-वीसच्या आसपास रेंगाळतो. पानांच्या छतातून आणि दरीच्या भिंतीवरून आपटून येणारे सिग्नल, त्याला कोण काय करणार. थांबायचं, थोडं मोकळ्यात सरकायचं, नाहीच जमलं तर आहे तो आकडा तसाच राहू द्यायचा. आणि ‘४ मीटर’ दिसलं म्हणून छाती फुगवू नका. अँड्रॉइडच्या हिशोबात त्याचा अर्थ खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के, म्हणजे तीनात एकदा ती बाहेरही असते. अहवालात हा रकाना गाळणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

उंचीचा आकडा मात्र सरळ बाजूला ठेवा. फोन जी उंची देतो ती पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. आपल्या किनाऱ्यावर त्या दोन्हींत साठ मीटरहून जास्त फरक पडतो, आणि वाळूत उभं राहिल्यावर उंची उणे दिसते. अ‍ॅपचा यात दोष नाही. पण तो रकाना तसाच उचलून कुठली जात किती उंचीवर सापडते हे लिहिणारे लोक आहेत, म्हणून सांगितलं.

अंश-मिनिटांचा जुना गोंधळ मात्र इथे मिटला. वहीत १७.३० लिहिलेलं असलं की ते १७ अंश ३० मिनिटं की १७.३ अंश, यावरून पूर्वी वाद व्हायचे. फरक थोडाथोडका नाही, बावीस किलोमीटरचा आहे. अ‍ॅप सगळं दशांशातच ठेवतं.

घरट्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बिंदू आपण उभे असतो तिथला पडतो, झाडाचा नाही. धनेशाची मादी ढोलीचं तोंड लिंपून आत बसलेली असते, नर चारा घेऊन ये-जा करत असतो. अशा वेळी झाडाच्या बुंध्याशी जाऊन फोन धरायचा नसतो. यासाठी फॉर्ममध्ये नकाशावर बोटाने बिंदू सरकवायची सोय ठेवता येते. त्यासाठीचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा लागतो, कारण तिथे रेंज नसतेच. मी शिवाय होकायंत्राची दिशा आणि अंदाजे अंतर वेगळं भरायला लावते. दोन जागांहून दिशा घेतली तर घरी बसून झाड बऱ्यापैकी सापडतं.

सगळ्यांत उशिरा हाती लागलेली आणि आता सर्वांत आवडती सोय म्हणजे आवाजाची नोंद. सड्यावर छत्री सांभाळत फॉर्म भरत होते, गुरं घेऊन चाललेले एक आबा थांबले. “पावसात भिजान काय लिवतंस गो? हंय कातळाशिवाय आसा काय?” मी डबकं दाखवलं. तर म्हणाले, ह्या काय्येक नाय, पलीकडच्या कोंडीत दिवाळीपर्यंत पाणी ऱ्हवता, आमची ढोरां थंयच पितत. त्यांना विचारून तेवढं मालवणीतच रेकॉर्ड केलं. ते ठिकाणाला जोडलं गेलं आणि त्या कोंडीची नोंद पाणी कधीपर्यंत टिकतं त्यासकट झाली. मला एका भेटीत ते कळण्याचा संभव नव्हता.

पावसाचं विचाराल तर त्रास आहे, आणि तो टचस्क्रीनचा आहे. ओल्या काचेवर थेंबच बटणं दाबतात. फोन झिपवाल्या पिशवीत, पंचा कोरडा, आणि टाइप करायचे प्रश्न कमीत कमी, टिचकीचे जास्त. फोटोंचा आकार फॉर्ममध्येच मर्यादित करून ठेवा, नाहीतर संध्याकाळी तालुक्याच्या रेंजवर फोटो चढवत बसाल. चारही दिशांचा एकेक आणि जमिनीचा एक, एवढे पुरतात. दिवसाच्या शेवटी पाठवायला विसरू नका. पाठवेपर्यंत सगळा डेटा त्या एकाच फोनमध्ये असतो, आणि फोन कोंडीत पडू शकतो. खिशात वही-पेन्सिल मी अजून ठेवतेच.

संवेदनशील जागांचं काय? प्रकल्प खाजगी ठेवता येतो, कोणाला नुसतं भरता यावं आणि कोणाला बघता यावं हे वेगवेगळं ठरवता येतं. त्यापलीकडची जबाबदारी आपली. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींचा बिंदू ०.२ अंशांच्या चौकटीत आपोआप लपवला जातो, इथे तसं काही होत नाही. एक्सेल उतरवून कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं की घरट्याचा पत्ता गावभर झाला. म्हणून घरट्यांचा फॉर्म मी वेगळाच ठेवते आणि त्याची उतरवलेली फाइल कोणाला देत नाही, अगदी पैसे देणाऱ्यांनाही तालुका आणि झाडाची जात एवढंच.

पाचपैकी चार. एक तारा कापला तो सुरुवातीच्या शिकण्यासाठी, कारण एक्सेलमधला फॉर्म पहिल्यांदा चढवताना एखादा चुकीचा स्वल्पविराम संध्याकाळ खातो, आणि चूक दाखवणारा संदेश इंग्रजीत येतो. कोबोकलेक्ट अँड्रॉइडवरच चालतं. आयफोनवाल्यांना तोच फॉर्म ब्राउझरमधून भरता येतो आणि तो ऑफलाइनही चालतो, मात्र सडा चढायच्या आधी रेंजमध्ये एकदा उघडून ठेवायला हवा.