डब्यावर नसलेला दावा: सोरायसिस ‘मुळापासून’ घालवणाऱ्या क्रीमचा आमचा अनुभव

माझ्या आईला बऱ्याच वर्षांपासून सोरायसिस आहे. कोपरं, गुडघे आणि टाळूवर चट्टे. मिरजेच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या औषधाने तो आटोक्यात होता. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी, फॉलिक ॲसिड, लावायला मलम आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी. सांगलीच्या विश्रामबागेतल्या तिच्या भिशीत एक ताई येऊ लागल्या आणि ही घडी विस्कटली.

ताई एका डायरेक्ट सेलिंग, म्हणजे दुकानाशिवाय थेट ओळखीपाळखीत माल विकणाऱ्या, कंपनीचं सामान विकतात. क्रीम, साबण, फेसवॉश, पावडर. पहिल्यांदा त्यांनी फक्त क्रीम हाताला चोळून दाखवलं. कातडी मऊ होते, वास छान आहे, एवढंच बोलणं. ते खरंही होतं आणि तेवढ्यावर विकलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं. पण आईचे कोपर दिसले आणि बोलणं बदललं. “काकू, हा रक्तातला दोष आहे. आमच्या क्रीमने तीन महिन्यांत मुळापासून जातो. आपल्या सांगलीचीच हळद आहे यात, जीआय मानांकन मिळालेली.” सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये ते मानांकन, म्हणजे त्या भागाच्या खास मालाची अधिकृत ओळख, मिळालं, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. मार्केट यार्डातल्या हळदीवर विश्वास ठेवायला सांगलीच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

क्रीम, साबण आणि पोटात घ्यायची पावडर असा संच जवळपास पाच हजारांचा. पैसे रोख, बिल नाही.

पण पैसे ही यातली लहान गोष्ट आहे. ताईंनी आईला गोळी बंद करायला सांगितलं. “त्या गोळ्यांनी लिव्हर जातं, काकू. नेटवर बघा.” मेथोट्रेक्सेटचा यकृतावर परिणाम होऊ शकतो, हे खरं आहे. म्हणूनच तर डॉक्टर रक्त तपासत होते आणि आईचे रिपोर्ट व्यवस्थित येत होते. ताईंनी अर्धंच सांगितलं. धडधडीत खोटं बोलल्या असत्या तर आईने कोणाला तरी विचारलं असतं. अर्धं खरं असल्यामुळे तिने कोणालाच विचारलं नाही, मलाही नाही.

हळूहळू चट्टे वाढले, पाठीवर आले, रात्री खाजेने झोप लागेना. आईने ताईंना फोटो पाठवले. त्यावर व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप आला: “घाबरू नका, आतली उष्णता बाहेर पडतेय. खाज वाढली म्हणजे गुण येतोय.” हे वाक्य प्रत्येकाने ओळखायला शिकलं पाहिजे. त्रास कमी झाला तर क्रीमचा गुण आणि वाढला तरी क्रीमचाच गुण, असं म्हणणाऱ्याला चुकीचं ठरवायची सोयच उरत नाही. पेशंट मात्र वाट बघत बसतो आणि आजार पसरतो.

शेवटी डॉक्टरांनी आईला समजावलं, ते मी जवळ बसून ऐकलं. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेला चिथावते. एरवी कातडीचा थर बदलायला महिनाभर लागतो, तो काही दिवसांतच तयार होत राहतो आणि त्याचे पापुद्रे साचतात. हा आजार चांगला आटोक्यात ठेवता येतो, कायमचा घालवणारं औषध आज तरी नाही. मऊपणा देणाऱ्या क्रीमने कोरडेपणा कमी होतो आणि तेवढ्यापुरतं ते डॉक्टरही लावायला सांगतात.

घरी येऊन मी डबा नीट वाचला. डब्यावर सोरायसिसचं नावही नव्हतं. ‘त्वचा मऊ व तजेलदार ठेवते’ एवढंच. घटकांच्या यादीत हळदीचा अर्क अगदी शेवटी. कंपनीने छापलेलं सगळं कायद्यात बसणारं होतं. जे बसत नव्हतं ते ताईंच्या तोंडी होतं, व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या फोटोंत होतं, विक्रेत्यांच्या मीटिंगमध्ये ‘लीडर’ने, म्हणजे ताईंच्या वरच्या विक्रेत्याने, सांगितलेल्या गोष्टींत होतं. आपल्याकडे 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात दोन्हींची वेगळी व्याख्या आहे. स्वच्छ करणं, सुंदर करणं, रूप बदलणं हे प्रसाधनाचं काम. आजार बरा करतो म्हटलं की ती वस्तू औषध ठरते आणि तिला औषधाचा परवाना लागतो. ताई त्याच क्रीमने कोड जातं असंही सांगत होत्या. कोड बरं करण्याची जाहिरात करायलाच 1954 च्या औषधे व जादूटोणासदृश उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे.

कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, “विक्रेते स्वतंत्र आहेत, ते काय बोलतात त्याला आम्ही जबाबदार नाही.” हे ऐकून बरेच जण फोन ठेवून देतात, म्हणून मुद्दाम लिहिते. डायरेक्ट सेलिंगसाठी डिसेंबर 2021 मध्ये ग्राहक संरक्षणाचे स्वतंत्र नियम आले. विक्रेत्याने केलेल्या विक्रीतून उभ्या राहणाऱ्या तक्रारीला कंपनी जबाबदार आहे, असं त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय, आधी वेळ न ठरवता घरी येऊ नये, स्वतःची आणि कंपनीची खरी ओळख द्यावी, परतीच्या अटी सांगाव्यात, हेही आहे. कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो. मी फोनवर एवढं म्हटल्यावर त्याच अधिकाऱ्याचा ईमेल मिळाला.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. बिल नव्हतं, पण आवाजी निरोप, ग्रुपवरचे फोटो आणि डब्याचा बॅच नंबर होता. कंपनीने पैसे परत केले. दाव्यांबद्दल एक शब्द लिहिला नाही, म्हणून अन्न व औषध प्रशासनाच्या सांगलीतल्या कार्यालयात वेगळा अर्ज दिला आहे. त्याचं उत्तर यायचं आहे. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही मोकळा आहे. दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असेल तर तिथे फी लागत नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही, फक्त घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

ताईंबद्दल माझा राग अजून गेलेला नाही, तरी एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या घरी मी गेले तेव्हा दिवाणाखाली तेच डबे रचलेले होते, स्वतःच्या पैशांनी घेतलेले. ‘मुळापासून जातो’ हे वाक्य त्यांना लीडरने पाठ करून दिलं होतं आणि त्यांचा त्यावर खराच विश्वास होता. मी त्यांना म्हटलं, “क्रीम विका, ते मऊ करतं म्हणून विका. पण कोणाची गोळी बंद करू नका.” त्या म्हणाल्या, “नुसतं मऊ करतं म्हटल्यावर एवढ्या किमतीला कोण घेणार?”

आईची गोळी डॉक्टरांनी आधी रक्त तपासून मग पुन्हा सुरू केली. तुमच्या घरी कोणी असंच औषध सोडलं असेल तर ते मनाने पुन्हा चालू करू नका. वापरलेल्या डब्यासकट आधी डॉक्टरांकडे जा आणि पोटात काही पावडर घेतली असेल तर तीही दाखवा. मोबाइलमधले निरोप पुसून टाकू नका.