वेर्दिक्यो: येझीची घ्यावी की मातेलिकाची?

इटलीतल्या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांपैकी एकाच वाणाशी ओळख करून घ्यायची असेल, तर मी वेर्दिक्यो सुचवेन. नाव 'वेर्दे' म्हणजे हिरवा यावरून आलंय. पिकलेल्या मण्यांवरही हिरवट झाक राहते. याचं घर मार्के प्रांतात, एड्रियाटिक समुद्र आणि अपेनाइन पर्वत यांच्या मधल्या टेकड्यांवर.

बाटली घ्यायला गेलात की लेबलांवर मार्केतल्या दोन भागांची नावं दिसतील: 'कास्तेल्ली दी येझी' आणि 'मातेलिका'. मातेलिकाला डीओसी, म्हणजे ठरावीक भागातल्या वाइनला मिळणारा इटलीतला कायदेशीर दर्जा, 1967 साली मिळाला, येझीला 1968 साली. दोन्हींत किमान 85 टक्के वेर्दिक्यो असावंच लागतं. मग चव वेगळी का? दरीच्या दिशेमुळे.

येझीभोवतालच्या दऱ्या समुद्राकडे उतरतात. खारं वारं थेट मळ्यांपर्यंत येतं, हवा सौम्य राहते. मातेलिकाची दरी मात्र उत्तर-दक्षिण पसरलेली, जास्त उंचीवर आणि डोंगरांनी समुद्रापासून तोडलेली. दिवसा ऊन, रात्री चांगलाच गारठा. द्राक्ष सावकाश पिकतं आणि आंबटपणा धरून ठेवतं.

पेल्यात हे सगळं कळतं. येझीची वाइन भरलेली, गोलसर: पिवळं सफरचंद, लिंबू, थोडी बडीशेप. मातेलिकाची ताठ आणि सडपातळ. आंबटपणा जिभेच्या दोन्ही कडांना जाणवतो. कडू बदामाची शेवटची चव दोघींतही आहे, तीच या वाणाची खूण. पहिल्या घोटाला ती खटकली तरी बाटली बाजूला ठेवू नका. जेवणाबरोबर तिचं महत्त्व लक्षात येतं. अँकोनाकडचा ब्रोदेत्तो, म्हणजे अनेक प्रकारच्या माशांचा रस्सा, तिच्यासोबत खाऊन पाहा.

येझीबद्दल एक गैरसमज अजून टिकून आहे. 1953 साली फात्सी बत्ताल्या या कंपनीसाठी आंतोनियो मायोक्की या वास्तुविशारदाने सुरईसारखी निमुळती हिरवी बाटली घडवली. ती जगभर गाजली, पण तिच्यामुळेच वेर्दिक्यो म्हणजे हलकीफुलकी, स्वस्त वाइन असा शिक्का बसला. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण हा वाण वर्षानुवर्षं मुरतो. येझीकडच्या व्हिला बुच्चीची रिझेर्व्हा, म्हणजे जास्त काळ मुरवलेली वाइन, मोठ्या जुन्या लाकडी पिंपांत मुरते आणि दहा वर्षांनंतरही तिच्यात जीव असतो. मातेलिकातली ला मोनाचेस्काची 'मीरुम' याच तोलाची. दोन्हीकडच्या रिझेर्व्हाला डीओसीजी हा सर्वोच्च दर्जा आहे.

मातेलिकाचं क्षेत्र येझीच्या मानाने फारच लहान, त्यामुळे बाटली शोधावी लागते. येझी सहज सापडते. फक्त लेबलवर 'क्लास्सिको सुपेरियोरे' (जुन्या मूळ भागातली, वरच्या प्रतीची) हे शब्द बघून घ्या. पाहुणे असतील, ताटात मासे, चिकन, चीज असं सगळं असेल, तर तीच आणा.

पण तुम्हाला द्राक्षच ओळखायचं असेल, तर माझं मत मातेलिकाला. तिथल्या कोल्लेस्तेफानो या उत्पादकाची वाइन मिळाली तर जरूर घ्या: पोलादी टाकीत तयार होते, लाकडाचा स्पर्श नाही, त्यामुळे वाण लपत नाही. फ्रिजमधून काढल्यावर पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. फार गार असली की बडीशेप आणि बदाम दोन्ही दबून जातात, नुसता आंबटपणा उरतो.