पस्तिशीनंतरचं एमबीए: पूर्णवेळ सोडून एक्झिक्युटिव्ह घेतलं, त्याचा वर्षभराचा अनुभव

भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटी सांभाळते. नोकरीला १३ वर्षं झाली, मुलगी चौथीत आहे, घराचा हप्ता चालू आहे. शनिवार-रविवारच्या एक्झिक्युटिव्ह एमबीएचं पहिलं वर्ष नुकतंच संपलं. हाच विचार ज्यांच्या डोक्यात घोळतोय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय. मी निवड करत होते तेव्हा माहितीपत्रकं ढीगभर मिळाली, पण प्रत्यक्ष कोर्स करणारं कुणी मोकळेपणाने बोलणारं भेटलं नाही.

आधी पर्याय. दोन वर्षांचं नेहमीचं एमबीए म्हणजे कॅट किंवा आपल्याकडची सीईटी द्या आणि नोकरी सोडा. वर्गात बहुतेक मुलं पंचविशीच्या आसपासची, आणि कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्याही त्याच वयाची माणसं शोधत येतात. माझ्या अनुभवाला तिथे किंमत मिळणार नव्हती. दुसरा पर्याय एका वर्षाच्या पूर्णवेळ कोर्सचा: आयआयएम अहमदाबादचा २००६ पासूनचा पीजीपीएक्स, बंगळूरचा ईपीजीपी, आयएसबीचा पीजीपी. क्षेत्रच बदलायचं असेल, प्रॉडक्शन सोडून कन्सल्टिंगला जायचं असेल, तर हाच रस्ता धरा, कारण तिथे प्लेसमेंट असते. पण अहमदाबादची फी ३० लाखांच्या पुढे, वर वर्षभर पगार बंद. मला क्षेत्र बदलायचं नव्हतं, अख्खा प्लांट चालवण्यापर्यंत पोचायचंय. मीटिंगमध्ये ताळेबंद समोर आला की गप्प बसावं लागायचं, ते थांबवायचं होतं. म्हणून एक्झिक्युटिव्ह.

इथे एक धोक्याची सूचना. मोठ्या संस्थेचं नाव लावून सहा महिने-वर्षभराचे जे वीकेंड कोर्स विकले जातात, त्यांतल्या बहुतेकांत शेवटी नुसतं सर्टिफिकेट मिळतं. आयआयएमना पदवी द्यायचा अधिकारच मुळी २०१७ च्या कायद्याने मिळाला, त्याआधी तिथेही पदविकाच होती. म्हणून पदवी, पदविका की प्रमाणपत्र, हे ईमेलवर लेखी विचारा. फोनवरचे समुपदेशक या प्रश्नाला फार गोलगोल उत्तरं देतात. ऑनलाइन एमबीए असेल तर ते यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हेही बघा.

आता वर्गाबद्दल. कॉस्टिंगच्या तासाला सरांनी ज्याने त्याने आपल्या कामातलं उदाहरण आणायला सांगितलं. मी आमच्या एका ब्रॅकेटचा हिशोब नेला, आकडे थोडे बदलून. ग्राहक नगाला ८४ रुपये देत होता आणि आमची कॉस्ट शीट ९१ सांगत होती, म्हणून ऑर्डर नाकारली गेली होती. सरांनी ९१ फोडायला लावले. माल, मजुरी, वीज मिळून ६८. उरलेले २३ म्हणजे भाडं, ऑफिसचे पगार, घसारा (मशीन जुनं होत जाण्याचा खर्च) यांचा वाटा. दुसऱ्या पाळीत मशीन रिकामंच होतं. "ऑर्डर नाकारून हे २३ वाचले का?" सरांनी विचारलं. नाही वाचले. नगामागे ८४ वजा ६८, म्हणजे १६ रुपये मात्र हातचे गेले.

एवढं कुठल्याही पुस्तकात मिळेल. पुढचं नाही मिळणार. माझ्या शेजारी गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या पर्चेसमधले एक जण बसतात. ते म्हणाले, "मॅडम, हा भाव तुमच्या जुन्या ग्राहकाच्या कानावर गेला, तर पुढच्या कॉस्ट-डाऊनच्या बैठकीत तो सगळ्या पार्टना हाच न्याय लावेल. मी तरी लावेन." वर्ग शांत झाला. दरवर्षी भाव पाडायला समोर बसणारा माणूस आपलं गणित कसं मांडतो, हे मला १३ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी फी भरली त्याचं मोल याच बाकावर आहे. कधीच कोटेशन न दिलेल्या मुलांच्या वर्गात ही चर्चा अशी झाली नसती.

दुसरा उपयोग तर थेट माझ्या टेबलावर झाला. लघुउद्योगांचं देणं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं हे कायद्यात आधीपासून आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पाने त्याला करही जोडला: सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी धरला जातो. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो स्वीकारला असं धरतात आणि दिवस माल मिळाला त्या दिवसापासूनच मोजतात. म्हणजे माझ्या विभागात तोंडी "होल्ड"वर पडलेला, पैसे अडकलेला माल कंपनीचा कर वाढवू शकतो! आता आमच्याकडे हरकत त्याच आठवड्यात लेखी जाते, नाहीतर माल पास होतो. प्लेटिंगवाल्या छोट्या व्हेंडरचे पैसे वेळेत सुटायला लागले, याचा मला मनापासून आनंद आहे.

त्रासही लिहिते. भोसरीत आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, वर्ग शनिवार-रविवारी. त्यामुळे रजा संपल्या आणि नंतर बिनपगारी झाल्या. गुरुवारी असाइनमेंट लिहायच्या, म्हणजे मुलीसाठी उरलेला एकमेव दिवसही गेला. सासूबाई नसत्या तर हे जमलंच नसतं. प्रवेशाच्या वेळी संस्थेने करिअर सहाय्याचं बरंच सांगितलं होतं. प्रत्यक्षात रेझ्युमे कसा लिहावा यावरची ऑनलाइन व्याख्यानं मिळाली. पगारवाढ आपोआप होत नाही. आमच्या एचआरने अभिनंदनाचा ईमेल पाठवला, बस. नवी जबाबदारी मला मागून घ्यावी लागली. ती मिळाली, दोन प्रॉडक्शन लाइनचं बजेट आता मी करते.

पैशांचं थोडक्यात: शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची आठ वर्षं वजावट मिळते, पण जुनी करप्रणाली घेतली तरच. कंपनी फी भरत असेल तर बाँडची (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराची) मुदत आणि मध्ये सोडल्यास किती परत द्यायचे ते आधी वाचा.

प्रवेश पक्का करण्याआधी दोन गोष्टी नक्की करा. एका शनिवारी परवानगी काढून मागच्या बाकावर पूर्ण दिवस बसा आणि शेजारी कोण कोण आहे ते बघा. आणि साहेबांकडून शनिवारच्या सुट्टीचं लेखी घ्या. तोंडी "बघू की" महिनाअखेरच्या डिस्पॅचला टिकत नाही.